बंदुकीच्या कायद्यामुळे राज्य बदलताय? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पेनसिल्व्हेनियातलं ईस्टन आणि न्यू जर्सीतलं फिलिप्सबर्ग ही गावं डेलावेअर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली आहेत. मधला पूल चालत ओलांडायला काही मिनिटं पुरतात. ईस्टनच्या घरात ग्लॉक १७ पिस्तूल आणि त्यासोबत कंपनीकडून आलेलं १७ गोळ्यांचं मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) असलं तर कुणी विचारतही नाही. तेच मॅगझिन पुलापलीकडे नेलं की फौजदारी गुन्हा होतो, कारण न्यू जर्सीने २०१८ मध्ये मॅगझिनची मर्यादा १० गोळ्यांवर आणली.

या फरकापायी राज्य बदलणारे दोन प्रकारचे असतात. कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू जर्सीच्या नियमांना कंटाळून टेक्सास, अ‍ॅरिझोना, टेनेसीकडे जाणारे पुष्कळ. पण मुलं शाळेत जायला लागली म्हणून मुद्दाम कडक कायद्याच्या राज्यात घर शोधणारेही आहेत, आणि आपल्या लोकांत हा दुसरा वर्ग लहान नाही. शिवाय तिसरा, नकळत सापडणारा प्रकार म्हणजे नोकरीने डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला पाठवलेला आणि कपाटात दोन बंदुका असलेला माणूस. सगळ्यात जास्त अडकतो तो हाच, म्हणून या लेखातला मोठा भाग त्याच्यासाठी आहे.

भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात एक चुकीचं गृहीतक असतं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा सगळ्या देशाला एक आहे आणि परवाना हातात असला की पुढचं त्यावरच ठरतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत बंदूक घरात ठेवायला परवानाच लागत नाही, आणि जिथे लागतो तिथे शेजारच्या राज्याचा चालत नाही. वाहनचालक परवान्यासारखं ‘एका राज्याचा सगळीकडे चालतो’ हे इथे लागू नाही.

पहिलं काम: तुमचा व्हिसा कोणता?

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, बी-२ हे सगळे केंद्रीय कायद्याच्या भाषेत बिगर-स्थलांतरित व्हिसे आहेत. या व्हिशावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. मुख्य अपवाद म्हणजे कुठल्याही अमेरिकी राज्याचा वैध शिकार परवाना. टेक्सासला गेलात म्हणून हा नियम सैल होत नाही, कारण तो वॉशिंग्टनचा आहे, ऑस्टिनचा नाही. ग्रीन कार्डधारकाला मात्र नागरिकासारखीच बंदूक विकत घेता येते.

यातला एक कोपरा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील बी-२ व्हिशावर असतात. त्यांना हौसेने शूटिंग रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देणं म्हणजे त्यांच्या हातून गुन्हा करवणं. घरातल्या सेफची किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे असणंही टाळा, कारण ताबा म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे, हवी तेव्हा हाती घेता येणं हाही ताबाच धरला जातो. घरात कुणी एच-४ वर असेल तर त्यांनाही हेच लागू.

ग्रीन कार्डवर असाल तर दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल, नेल्याबद्दल, विकल्याबद्दल दोषी ठरलात तर तो स्वतंत्रपणे हद्दपारीचा आधार होतो, मग शिक्षा किती का किरकोळ असेना. नागरिक असलेला शेजारी जी चूक दंड भरून निस्तरेल, तीच चूक तुम्हाला मुंबईच्या विमानात बसवू शकते. म्हणून सरकारी वकिलाशी ‘थोडक्यात मिटवू’ असं म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये. नागरिकत्व जवळ आलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे: तोवर कडक राज्याची हद्द बंदूक घेऊन ओलांडूच नका.

गांजाचंही इथेच सांगून टाकतो. राज्यात तो कायदेशीर असला तरी बंदूक विकत घेताना भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या केंद्रीय फॉर्मवर त्याचा प्रश्न असतो, आणि राज्याने मोकळीक दिली तरी उत्तर बदलत नाही असं त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा.

दुसरं काम: राज्य वाचायचं कसं

‘टेक्सास मोकळं, कॅलिफोर्निया कडक’ एवढ्यावर घर घेऊ नये. फ्लोरिडाचं उदाहरण पाहा. १ जुलै २०२३ पासून तिथे परवान्याशिवाय लपवून बंदूक बाळगता येते, म्हणून ते मोकळ्या राज्यांत मोजलं जातं. पण पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये त्याच राज्याने कुठलीही बंदूक खरेदी करायचं वय २१ केलं, आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक तात्पुरती काढून घेणारा ‘रेड फ्लॅग’ कायदाही आणला. टेक्सासमध्ये असा कायदा नाही. दोन्ही राज्यं ‘मोकळी’, पण १९ वर्षांचा मुलगा घरात असलेल्या कुटुंबासाठी ती सारखी नाहीत.

प्रत्येक राज्यासाठी काही ठरावीक गोष्टी शोधायच्या. विकत घेण्याआधी कार्ड किंवा परवानगी लागते का. मॅगझिनची मर्यादा किती: कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्कमध्ये १०, कोलोरॅडोत २०१३ पासून १५, इलिनॉयमध्ये लांब बंदुकीला (रायफल, शॉटगन) १० आणि पिस्तुलाला १५, टेक्सासमध्ये मर्यादाच नाही. एआर-१५ सारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली चालतात का, आणि कुठल्या वैशिष्ट्यांसह. सायलेन्सर चालतो का (आठ राज्यांत नाही: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, हवाई). घरात लहान मूल असताना बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती आहे का. रेड फ्लॅग कायदा आहे का. कडक कायद्यासाठी राज्य निवडणाऱ्यांनी शेवटचे दोन मुद्दे, म्हणजे कुलूपसक्ती आणि रेड फ्लॅग, आधी पाहावेत. आई-बापांच्या रोजच्या काळजीशी त्यांचा संबंध जास्त आहे.

आणि एक प्रश्न जवळपास प्रत्येक जण विसरतो: आधीपासून माझी असलेली बंदूक राज्यात आणता येते का? विक्रीवरची बंदी आणि आत आणण्यावरची बंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. सिएटल-रेडमंडला जाणाऱ्यांनी हे नीट पाहावं. वॉशिंग्टन राज्याने १ जुलै २०२२ पासून १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनची विक्री आणि आयात बंद केली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये यादीतल्या रायफलींची. तिथल्या जुन्या रहिवाशाने ती घरात ठेवली तर चालते. तो ती घेऊन आयडाहोला जाऊन परत आला तरी चालतं. पण तुम्ही नव्याने घेऊन आलात तर ती आयात होते. शेजाऱ्याच्या कपाटात आहे म्हणून आपणही आणावी, हा हिशेब तिथे फसतो.

शहरही पाहा. बहुतेक राज्यांत बंदुकीचे नियम करायचा अधिकार राज्याने स्वतःकडे ठेवला आहे, पण न्यूयॉर्क शहराचा परवाना वेगळा असतो आणि तिथे रायफल-शॉटगनलाही परवानगी लागते. कोलोरॅडोने २०२१ मध्ये शहरांना स्वतःचे नियम करायची मुभा दिली.

हे सगळं राज्याच्या पोलिस खात्याच्या किंवा अ‍ॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर वाचायचं, दुकानदाराच्या तोंडून नाही. आणि घर ठरवताना एकदा, निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा. सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२२ चा, घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क मानणारा ब्रुएन निकाल आल्यापासून या कायद्यांवर सतत खटले चालू आहेत. एका न्यायालयाने रद्द केलेला नियम वरच्या न्यायालयाच्या स्थगितीमुळे पुन्हा लागू होतो. बातमीचा मथळा वाचून मॅगझिन गाडीत टाकू नये.

तिसरं काम: यादी

निघण्याच्या निदान तीन महिने आधी प्रत्येक बंदूक बाहेर काढा, रिकामी आहे याची खात्री करा आणि लिहा: कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, गोळीचा प्रकार, नळीची लांबी, मॅगझिन किती आणि प्रत्येकाची क्षमता, कुठे-कधी घेतली. पावती असेल तर फोटो. अनुक्रमांकाचा फोटो वेगळा काढा आणि सगळं फोनबाहेरही कुठेतरी ठेवा. चोरी झाली तर पोलिस आणि विमा कंपनी पहिल्यांदा हाच आकडा मागतात.

रायफल असेल तर आणखी चार ओळी: पिस्तूल ग्रिप आहे का, मागचा दस्ता सरकतो किंवा दुमडतो का, नळीच्या टोकाला फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा भाग) आहे का, टोकाला आटे आहेत का. कडक राज्यांच्या व्याख्या बहुतेक याच भागांवर उभ्या असतात, त्यामुळे एकाच रायफलचं एक रूप कायदेशीर आणि दुसरं बेकायदा असतं.

मग तीन ढीग: जशी आहे तशी नेता येणारी, बदल करून नेता येणारी, आणि न नेता येणारी. दुसऱ्या ढिगासाठी नियम असा की बदल हद्दीच्या अलीकडे व्हायला हवा. १७ गोळ्यांची मॅगझिनं विकून १० ची घेणं हे सगळ्यात सोपं, पण नेमकं हेच ‘तिकडे गेल्यावर करू’ म्हणून राहतं. मॅगझिनं रेंजच्या बॅगेत, गाडीच्या सीटखाली, जुन्या जॅकेटच्या खिशात सापडतात. सगळी शोधा.

तिसऱ्या ढिगाचं काय करायचं? परवानाधारक डीलरला विकणं सगळ्यात सुटसुटीत, भाव मात्र पडेल मिळतो. कमिशनवर विकायला ठेवलीत तर जास्त मिळतात, पण वेळ लागतो, म्हणून तीन महिने. दुसऱ्या राज्यातल्या मित्राला परस्पर देणं किंवा विकणं हा केंद्रीय गुन्हा आहे. ती त्याच्या राज्यातल्या डीलरमार्फतच जायला हवी. त्याच राज्यातल्या नातेवाइकाकडे ठेवायची तर तिथे खासगी हस्तांतरालाही डीलर लागतो का ते पाहा. सामान ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या गाळ्यांच्या करारात बऱ्याचदा शस्त्रांना मनाई असते. काही डीलर महिन्याच्या भाड्याने बंदूक सांभाळतात, आणि कडक राज्यात जाणाऱ्याला ही सोय सोन्यासारखी आहे.

सायलेन्सर, १६ इंचांहून आखूड नळीची रायफल, १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन अशा १९३४ च्या कायद्याखालच्या वस्तूंचा रस्ता निराळा. आखूड नळीच्या बंदुका किंवा मशिनगन राज्याबाहेर नेण्याआधी एटीएफ या केंद्रीय शस्त्र खात्याकडे ५३२०.२० क्रमांकाचा फॉर्म भरून लेखी मंजुरी यावी लागते. सायलेन्सरला हा फॉर्म लागत नाही, पण तो पोहोचण्याच्या राज्यात चालला पाहिजे. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड बंदुकांवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला, म्हणून फॉर्मही गेला असं काही जण समजतात. तसं नाही.

चौथं काम: बंदूक मागे, कागद पुढे

कडक राज्यात जाताना पहिल्या फेरीत बंदूक न्यायची नाही. घर लावा, पत्ता बदला, ओळखपत्र काढा, परवाना मिळवा, मग बंदूक आणा. वेगवेगळी राज्यं नव्या रहिवाशाला वेगवेगळी मुदत देतात:

न्यू जर्सी – ६० दिवसांत फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्डासाठी अर्ज आणि बाहेरून आणलेल्या पिस्तुलांची नोंद.
कॅलिफोर्निया – बंदूक राज्यात आणल्यापासून ६० दिवसांत ‘नवा रहिवासी’ नोंद, लांब बंदुकांसह. राज्याच्या न्याय खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन होते.
इलिनॉय – ६० दिवसांत एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र).
मेरीलँड – पिस्तुलांची राज्य पोलिसांकडे ९० दिवसांत नोंद.
न्यूयॉर्क – मुदत नाही. पिस्तूल घरात ठेवायलाही आधी परवाना, आणि बाहेरच्या राज्याचा चालत नाही.

न्यूयॉर्कची ओळ पुन्हा वाचा. तिथे पिस्तूल आणून मग अर्ज करणं हा उलटा क्रम झाला.

न्यू जर्सीच्या अर्जाला बोटांचे ठसे, दोन ओळखीच्या माणसांचा दुजोरा, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायची संमती आणि सुरक्षा प्रशिक्षण लागतं. कागद अडतो तो बहुधा दुजोऱ्यावर. ओळखीच्यांना ईमेल जातो, तो स्पॅममध्ये पडतो, आणि आपला अर्ज आठवडेच्या आठवडे तिथेच थांबतो. दोघांना आधी फोन करून सांगा, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

मराठी नावांची अडचण वेगळी लिहायला हवी. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ग्रीन कार्डवर तेच कापलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर, असा प्रकार घरोघरी आहे. ४४७३ फॉर्मवर पूर्ण नाव लिहावं लागतं आणि ग्रीन कार्डधारकाला आपला एलियन क्रमांकही. नावांत फरक असला किंवा तुमच्याच नावाचा दुसरा कुणी नोंदीत असला की खरेदीवेळची पार्श्वभूमी तपासणी ‘विलंब’ दाखवते. नव्या राज्याचं लायसन्स काढतानाच नाव ग्रीन कार्डाशी अक्षरशः जुळवून घ्या. विलंब दर खरेदीला होत असेल तर एफबीआयकडे अर्ज करून यूपीआयएन हा स्वतंत्र ओळख क्रमांक मिळवता येतो, मग पुढच्या खरेदीत तोच टाकायचा.

लायसन्सवर जुना पत्ता असेल तर डीलर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद घेऊ शकतो, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी. वीजबिल सहसा चालत नाही. पोस्ट ऑफिसचा बॉक्स तर नाहीच. पिस्तूल तुमच्या राहत्या राज्यातच विकत घेता येतं, त्यामुळे ‘जाण्याआधी तिकडून एक घेऊन ठेवू’ हा बेत जुळत नाही.

पाचवं काम: प्रवास

१९८६ च्या केंद्रीय कायद्यात वाटेतल्या राज्यांपासून संरक्षण देणारं कलम आहे. त्याच्या अटी अशा: जिथून निघालात तिथे बंदूक कायदेशीर, जिथे जाताय तिथेही कायदेशीर, बंदूक रिकामी, आणि बंदूक व गोळ्या दोन्ही हाताशी नाहीत. डिकी असेल तर डिकीत. एसयूव्ही किंवा मिनीव्हॅनमध्ये वेगळी डिकी नसते, तिथे कुलूपबंद पेटी लागते, आणि समोरचा ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल कुलूप असलं तरी चालत नाही. मॅगझिनंही रिकामी ठेवा. बंदूक एका पेटीत, गोळ्या दुसऱ्या, दोन्ही सामानाच्या तळाशी.

हे कलम वाटेतल्या प्रवासाला आहे, मुक्कामाला नाही. २००५ साली यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं विमान नेवार्कला चुकलं, त्याने बॅगा ताब्यात घेतल्या, रात्र हॉटेलात काढली, आणि सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केलं. त्याला अटक झाली आणि चार दिवस कोठडीत काढावे लागले. २०१० मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू नाही. धडा अगदी व्यवहारी आहे: नेवार्क, जेएफके, लाग्वार्डियाला विमान बदलू नका, आणि तिथे विमान रद्द होऊन एअरलाइन बॅग परत देऊ लागली तर ती बॅग घेऊ नका.

त्याहून बोलकं प्रकरण न्यू जर्सीचंच. कोलोरॅडोहून राहायला आलेल्या एका तरुणाला २००९ मध्ये पकडलं. तीन पिस्तुलं, कायदेशीर खरेदी केलेली, रिकामी, डिकीत. जुन्या घरातून नव्या घरात बंदूक हलवणाऱ्याला न्यू जर्सीच्या कायद्यातच सूट आहे. पण सामान आई-वडिलांकडे, मग नव्या जागेत असं टप्प्याटप्प्याने चाललं होतं, आणि ती सूट ज्युरीला समजावूनच सांगितली गेली नाही. शिक्षा झाली सात वर्षांची. गव्हर्नरने २०१० च्या डिसेंबरात ती कमी करून त्याला सोडलं, आणि पुढे अपिलात पिस्तुलांचे गुन्हे रद्द झाले. पोकळ टोकाच्या (हॉलो पॉइंट) गोळ्यांचा गुन्हा मात्र कायम राहिला. स्थलांतराचा प्रवास सरळ, एका दमात आणि कागदांनिशी झाला पाहिजे: भाडेकरार किंवा घरखरेदीचा कागद, सामानवाल्याची पावती, नोकरीचं पत्र, बंदुकांची यादी. सगळ्याच्या छापील प्रती गाडीत, बंदुकीच्या पेटीत नव्हे.

डॅलसहून एडिसनला गाडीने जाताना मार्ग असा पडतो: आय-३० ने लिटल रॉक, आय-४० ने टेनेसी, मग आय-८१ ने व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मेरीलँडचा चिंचोळा पट्टा, पेनसिल्व्हेनिया, आणि हॅरिसबर्गच्या पुढे आय-७८. बॉल्टिमोरवरून आय-९५ ने जाण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण मेरीलँडची हद्द अर्ध्या तासाच्या आत संपते. शेवटचा मुक्काम पेनसिल्व्हेनियात करा आणि न्यू जर्सीत सकाळी, टाकी भरून, थेट घरी. हॉटेलच्या पार्किंगमध्ये रात्रभर बंदूक गाडीत ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण. मोकळ्या राज्यात असाल आणि हॉटेलची मनाई नसेल तर पेटी खोलीत घ्या, नाहीतर पेटी सीटच्या लोखंडी चौकटीला केबलने जखडा.

पोकळ टोकाच्या गोळ्या न्यू जर्सीत नेऊच नका, तिथे घरासाठी विकत मिळतात. एकूणच गोळ्या कमीत कमी न्याव्यात. ९ मिलिमीटरच्या हजार गोळ्यांचं वजन सुमारे १२ किलो होतं. सामान हलवणारे गोळ्या, बंदुकीची दारू आणि साफसफाईची रसायनं ज्वलनशील म्हणून घेत नाहीत. बंदुका घेणार असतील तर त्यांना आधी लेखी कळवावं लागतं, आणि अनुक्रमांक त्यांच्या यादीत लिहून घ्यावेत. ट्रकमध्ये दोन आठवडे दमट हवेत पडून राहिलेल्या नळीला गंज धरतो, म्हणून हलकं तेल आणि सिलिका जेलच्या पुड्या. सेफ रिकामी करूनच हलवायची.

विमानाने: टणक, कुलूपबंद पेटी, बंदूक रिकामी, फक्त चेक-इन सामानात, काउंटरवर तोंडाने जाहीर. किल्ली तुमच्याकडेच राहिली पाहिजे, म्हणून सुरक्षा कर्मचाऱ्यांना उघडता येणारं प्रवासी कुलूप नको, साधं मजबूत कुलूप लावा. गोळ्यांना बहुतेक एअरलाइन्सची मर्यादा ११ पौंडांची आहे. रेंजवर वापरलेली बॅग केबिनमध्ये नेऊ नका. तळाशी राहिलेली एक गोळीही अर्धा दिवस खाते.

उलट्या दिशेने: कॅलिफोर्नियाहून टेक्सासला

हे सोपं आहे, पण अगदीच बिनकामाचं नाही. कॅलिफोर्नियाच्या हद्दीत असेतोवर पिस्तूल कुलूपबंद पेटीतच. टेक्सासला पोहोचल्यावर बंदुकीची कुठलीही नोंद करावी लागत नाही. गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत बदलायचं, तेवढं झालं की तिथली खरेदी मोकळी. मोठी मॅगझिनं तिथेच घ्या. पण सुट्टीत बे एरियातल्या मित्रांकडे जाताना ती गाडीत राहिली तर पुन्हा गुन्हा.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्यांना परवान्याशिवाय बंदूक बाळगता येते. तरीही लायसन्स टू कॅरी, म्हणजे बंदूक बाळगण्याचा राज्याचा परवाना, काढा. चार ते सहा तासांचा वर्ग, रेंजवर ५० गोळ्यांची चाचणी, ४० डॉलर शुल्क. इतर राज्यांत मान्यता मिळते हा एक फायदा. दुसरा कमी लोकांना माहीत असतो. केंद्रीय कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या आत, खासगी जागा सोडून, बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि त्यातून सूट मिळते ती त्याच राज्याने परवाना दिलेल्याला. ‘परवान्याची गरज नाही’ या राज्याच्या नियमाने ही सूट मिळत नाही. उपनगरात घरून किराणा आणायला जाताना वाटेत किती शाळा लागतात ते मोजून पाहा.

परवाना असला तरी शाळेच्या इमारतीत चालत नाही, आणि आपल्या मंडळांचे गणपती, दिवाळी, नाटकं पुष्कळदा हायस्कूलच्या सभागृहातच असतात. शनिवारी संध्याकाळी शाळा बंद असली तरी ती शाळाच. त्या दिवशी बंदूक घरी ठेवा. मंदिरात, दुकानात, हॉस्पिटलात दारावरच्या पाट्या वाचायला शिका (आकडे टेक्सासच्या दंड संहितेच्या कलमांचे): ३०.०५ ची पाटी बिनपरवाना बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०६ ची परवानाधारकाने लपवून नेण्यावर, ३०.०७ ची उघड नेण्यावर. बारच्या दारावर लाल रंगात ५१% (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची) दिसलं तर परवाना असला तरी आत न्यायची नाही.

घर भाड्याचं असेल तर टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्यामुळे मालकाला भाडेकरूच्या बंदुकीवर बंदी घालता येत नाही. इतर बऱ्याच राज्यांत करारात तशी अट असू शकते, सही आधी वाचा. आणि मोकळ्या राज्यातही मुलांच्या बाबतीत मोकळीक नाही: १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्सासमध्येही गुन्हा आहे. मुलांचे मित्र घरी यायच्या आधी, म्हणजे खोकी उघडण्याच्या पहिल्या दिवशी, सेफ भिंतीला किंवा फरशीला बोल्टने जखडून घ्या.

निघाल्यावर जुन्या राज्याचे धागेही सोडवायचे असतात. कॅलिफोर्नियातून निघण्याआधी विकलेल्या बंदुकांसाठी तिथल्या न्याय खात्याकडे ‘आता ताब्यात नाही’ अशी नोंद करता येते. ती केली नाही तर पाच वर्षांनी कुणाच्या तरी गुन्ह्यात सापडलेल्या पिस्तुलाचा शोध घेत पोलिस आधी तुमच्या नावाशी येतात. डीलरच्या पावत्या फेकू नका. जुन्या राज्याचा कॅरी परवाना पत्ता बदलल्यावर टिकतो का ते विचारा. मिशिगन आणि कोलोरॅडोसारखी राज्यं बाहेरचा परवाना तेव्हाच मानतात, जेव्हा परवानाधारक तो देणाऱ्या राज्याचा रहिवासी असतो. म्हणून टेक्सासला स्थायिक होऊन जुन्या राज्याच्या परवान्यावर डेन्व्हरला सुट्टीला गेलात, तर तिथल्या पोलिसांच्या दृष्टीने तुमच्याकडे परवाना नाही.